दोन नव्या डिस्क आणि पोळ्याचं तोरण

गाडी कुठेही धडकली नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. आमच्या गल्लीत या प्रकरणाच्या दोन आवृत्त्या फिरताहेत. एकीत मी बैलाला धडक दिली, दुसरीत बैलाने मला. दोन्ही खोट्या. बैलाची माझ्याविरुद्ध काहीही तक्रार नव्हती. त्या दिवशी सगळ्या गावात शांत राहिलेला तो एकटाच होता.

प्रकरण सुरू झालं ते ब्रेकच्या आवाजापासून. आमची गाडी एसयूव्ही आहे, म्हणजे दोन म्हाताऱ्या माणसांना पालेभाजी आणायला जेवढी गाडी लागते त्याहून बरीच मोठी. या पावसाळ्यात ब्रेक दाबला की तिच्या पुढच्या चाकांतून किंकाळी निघू लागली आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. सिग्नलला शेजारचे लोक आधी चाकाकडे बघायचे, मग माझ्या केसांकडे, आणि मग समजूतदारपणे मान हलवायचे. केस पांढरे असले की यंत्राची थरथर माणसाच्या नावावर जमा होते.

नेमकी त्याच सुमारास आमची मुलगी अपेक्षा बंगळुरूहून चार दिवस नागपूरला आली. व्हरायटी चौकापर्यंत माझ्या शेजारी बसली आणि वाटेत दाराची मूठ सोडली नाही. हे लक्षण वाईट. घरी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्ही गाडी चालवणं थांबवा."

"अगं, ब्रेकचे पॅड झिजलेत."

"पॅड नाही झिजले. तुम्ही घाबरून ब्रेक दाबता."

मी घाबरतो! माणसाने साठी ओलांडली की त्याच्याबद्दल काय वाटेल ते बोलायची मुभा घरातल्यांना आपोआप मिळते. बऱ्याच वादावादीनंतर तह झाला. पोळ्याला मी बायकोला, म्हणजे सुभद्राला, घेऊन तिच्या भावाच्या गावी, नरखेड तालुक्यात, गाडी चालवत जायचं. सगळं नीट पार पडलं तर किल्ली माझी. काही गडबड झाली तर गाडी विकायची आणि पुढचं आयुष्य भाड्याच्या टॅक्सीत, मागच्या सीटवर काढायचं. गडबड झाली की नाही हे सुभद्रा ठरवणार. तिने तत्काळ किल्ली ताब्यात घेतली आणि डाळीच्या डब्यामागे ठेवली. पंच कामाला लागला होता.

मीही लागलो. मी कोराडीच्या वीज केंद्रात खरेदी विभागात नोकरी केलेली. तीन कोटेशनांशिवाय तिथे सुतळीचा तोडासुद्धा घेतला नाही कधी. असा माणूस ब्रेक पॅड काय असाच उचलून आणेल? मी रीतसर तुलनात्मक तक्ता आखायला घेतला, आणि इथेच शेजारी शालिकरामजींना सुगावा लागला.

शालिकरामजी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते कुंपणावर हात टेकवून म्हणाले, "ब्रेक कायले बदलता, रुपरावजी? ब्रेक नवशिक्याईसाठी राह्यते. आपल्याले गिअर हाय ना. खाली टाकाचा एक गिअर, गाडी आपोआप नरमते. मी सारा कोंढाळीचा घाट गिअरवर उतरवत होतो."

"आणि प्रवासी?"

"ते डोये मिटून बसत."

दुसरा सल्ला त्यांनी असा दिला की डिस्क नवी न घेता लेथवर घासून घ्यावी, कारण जुनं लोखंड ते जुनं लोखंड. मी तो तक्त्यात 'पर्याय क' म्हणून लिहिला. शालिकरामजींनी वाकून पाहिलं आणि 'अ' का नाही म्हणून दोन दिवस अबोला धरला.

आमचा मेकॅनिक चंद्रभान. त्याचं वर्कशॉप हिंगणा रोडला. माणूस मोठा जाणकार म्हणून प्रसिद्ध आहे, पण ही जाणकारी अजून कोणी स्पष्ट ऐकलेली नाही, कारण त्याच्या तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा असतो. मी विचारलं, "पॅड सिरॅमिकचे घ्यावेत का कंपनीचे?" तो म्हणाला, "हुं." मी विचारलं, "डिस्क घासायची का नवी?" तो म्हणाला, "हुंहुं." वरचा सूर जरा वेगळा होता, म्हणून मी दुसऱ्या रकान्यात टीप केली. मग तो गाडीखाली गेला, चाक हाताने फिरवलं, बाहेर आला, कोपऱ्यात जाऊन तोंड मोकळं केलं आणि एका श्वासात सगळं बोलून टाकलं:

"काका, डिस्क वाकडी झाली. तापली, मंग पाण्यात गेली, टेढी. पॅड खतम. दोन्ही बदलवा लागते. ओरिजिनल आना. लोकल आनसान त मी लावून देईन, पण गाडीत बसणार नाही."

आणि पुडीतून नवा खर्रा तोंडात टाकून तो पुन्हा दुर्बोध झाला.

आता माझा घोळ सांगतो. इंटरनेटवर सगळे 'रोटर' म्हणत होते, चंद्रभान 'डिस्क' म्हणत होता आणि शालिकरामजी 'थाळी' म्हणत होते. मी तिन्हींसाठी वेगवेगळी चौकशी केली. घाट रोडवरच्या एका दुकानदाराने माझी यादी वाचली आणि शांतपणे विचारलं, "काका, गाडीले चाकं किती हायेत?" मी म्हणालो, चार. तो म्हणाला, "मंग हे सारं बसवान कुठं?" तिन्ही एकच वस्तू आहे हे कळल्यावर माझ्या तक्त्याचे दोन तृतीयांश रकाने कोसळले. तक्ता मी पुन्हा आखला. माघार घेणं आमच्या विभागात नव्हतं.

शेवटी 'ओरिजिनल' असं ठरलं, आणि मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे प्रीती नावाची मुलगी काउंटरला होती. गोड बोलायची. गोड बोलणाऱ्या काउंटरवर काम अडतं, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

"सर, गाडी तर सुभद्रा मॅडमच्या नावावर आहे."

"हो, त्या माझ्या पत्नी."

"मग तुम्ही..." तिने पडद्यावर पाहत विचारलं, "ड्रायव्हर लिहू का?"

"नवरा लिहा."

"नवरा असा ऑप्शन नाही सर. ओनर किंवा ड्रायव्हर."

मी ड्रायव्हर झालो. पुढे असं निघालं की ऑर्डरसाठी मालकिणीच्या मोबाईलवर ओटीपी जाणार, आणि मालकीण त्या वेळी भजनी मंडळात. फोन केला. मागे टाळ वाजत होते.

"सुभद्रा, एक ओटीपी आला असेल. सांग."

"कायचा ओटीपी?"

"ब्रेकचा."

"नाही सांगत. अपेक्षानं बजावून सांगतलं हाय, कोणालेच सांगाचा नाही म्हणून."

"अगं, मी कोणीही नाही! मी नवरा आहे!"

"थे लोकंही असेच म्हणतेत," असं म्हणून तिने फोन ठेवला. टाळ थांबले होते. म्हणजे सगळं भजनी मंडळ ऐकत होतं.

ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी मी मालकिणीला सोबत घेऊन गेलो. प्रीतीने तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मला म्हणाली, "दादा, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

डिस्क आल्या त्या बोटभर मोठ्या. गाडी बनली एका सालात आणि तिची नोंदणी झाली पुढच्या सालात, आणि दोन्हींच्या मधे कंपनीने डिस्कचं माप बदललं. चंद्रभानने डिस्क चाकाला लावून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हुं." हा सूर मला आता समजत होता. पुन्हा प्रीती, पुन्हा ओटीपी, पुन्हा मालकिणीचा चहा. पोळा जवळ येत होता. शालिकरामजी रोज संध्याकाळी कुंपणावरून "घासून घेतली असती त..." एवढंच म्हणायचे आणि वाक्य मुद्दाम अर्धं सोडायचे.

पण बसल्या! पोळ्याच्या दोन दिवस आधी दोन्ही डिस्क आणि पॅड चाकांत जाऊन बसले. चंद्रभानने खर्रा थुंकून बजावलं, "काका, नवा माल हाय. सुरुवातीले हळूहळू दाबा, रवू द्या, पॅड डिस्कवर बसू द्या. आन डिस्कले तेल, ग्रीस, काही लागू देऊ नका." मी ते वाक्य तक्त्याखाली लिहून ठेवलं आणि तक्ता घरीच ठेवला.

काटोलमार्गे गावाकडे जाताना मी ब्रेक रववत होतो. बकरी दिसली, दाबला. बकरी नव्हती, तरी दाबला. गाडी लोण्यात सुरी रुतावी तशी बिनआवाज थांबायची. सुभद्रा म्हणाली, "आता पुरे करा. मान हलून हलून मी सगळ्याच गोष्टीले हो म्हणून राहिली असं वाटून राहिलं."

सुभद्राचे थोरले भाऊ बाबनराव. संत्र्याचा बगीचा आहे, माणूस उमदा. त्यांनी गेल्या वर्षी शेवटची बैलजोडी विकली आणि ट्रॅक्टर घेतला. शेजारच्या दावणीला बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं आणि बाबनराव आपल्या ट्रॅक्टरजवळ हात मागे बांधून उभे होते, लग्नघरातल्या बिनआमंत्रित पाहुण्यासारखे. त्यांचं मन रमवावं म्हणून मी त्यांना माझ्या डिस्क दाखवल्या. खोटं कशाला बोलू, माझंही मन रमवायचं होतं. एवढी खटपट करून आणलेली वस्तू चाकाच्या आत लपून राहते, हा ब्रेकचा मोठा दोष आहे.

"बसा इथे, खाली वाकून बघा," मी म्हणालो. "चाकाच्या जाळीतून चमकतंय ना? सगळा जोर गाडी इथे घेते. बैलाचा खांदा असतो ना, तसा हा गाडीचा खांदा समजा."

बाबनराव उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "खांदा," ते हळूच म्हणाले. "असं हाय का जावईबापू."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून कठीण झालेले बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात, आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी आत वरणफळं खात होतो. ओसरीवरून बाबनराव वाटी घेऊन अंगणाकडे जाताना दिसले. ट्रॅक्टरला निमंत्रण द्यायला चालले असतील म्हणून मला भरून आलं, आणि मी अजून एक फळ वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पायी मारुतीच्या मैदानाकडे निघाले. राहिल्या जनाबाई मावशी. सुभद्राच्या मावशी, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र पूर्ण कामात. "मले नाही दिसणार का आता पोळा?" असं त्या म्हणाल्या आणि मी मालकिणीकडे किल्ली मागितली. सुभद्राने माझ्याकडे रोखून पाहिलं. "जपून," एवढंच म्हणाली. मला आव्हान आवडतं.

घरापासून मैदानापर्यंत सरळ उतार आहे. खाली दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, तोरणाच्या पलीकडे चावडीचा ओटा, अलीकडे सजलेल्या जोड्यांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी पाटलांचा मानाचा बैल. तोरण त्यानेच तोडायचं. त्याच्याआधी तोरणाखालून कोणी जात नाही. ही रीत कधीची, हे गावात कोणालाच सांगता येत नाही, इतकी ती जुनी आहे.

रांगेच्या कडेला मावशींना उतरवायचं म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला. गाडीने त्याची दखल घेतली नाही.

मी पुन्हा दाबला. गाडी पुढे गेली. किंकाळी नाही, थरथर नाही, अत्यंत मुलायम, राजेशाही गतीने गाडी उतारावरून निघाली.

"जावई," मावशी म्हणाल्या, "रांग मांगं राह्यली."

"हो मावशी."

"थांबाचं नाही का?"

"थांबतोच आहे!"

मी हॉर्न दाबला. बैलांनी आणि माणसांनी आम्हाला वाट करून दिली, आणि ती वाट नेमकी तोरणाकडे जात होती. त्या क्षणी मला कुंपणावरचे शालिकरामजी आठवले. असा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. मी खाली एक गिअर टाकला. गाडी कण्हली. आणखी एक टाकला. मावशींनी डोळे मिटले. आंब्याची पानं काचेवर टपटप पडली, तोरण बॉनेटवर आडवं झालं, आणि मी हातब्रेक कमरेतून जोर लावून ओढला. गाडी तोरणाच्या पलीकडे, चावडीच्या ओट्याच्या वीतभर अलीकडे, एक गचका देऊन थांबली.

ढोल थांबला होता. मागे मानाचा बैल शेपटीने माशी हाकलत होता.

मावशींनी एक डोळा उघडला. "पोहोचलो का?"

मग गर्दीत कोणीतरी हात वर केला. पोळ्यात झडत्या म्हणायची रीत आहे, जागच्या जागी जुळवलेली कवनं. आमच्यावरची तर गाडीचं इंजिन गार व्हायच्या आत तयार झाली, तीही पंचनाम्यासकट. कारण तेवढ्यात दोघांनी चाकाशी वाकून बोट फिरवलं होतं आणि बोटाचा वास घेतला होता, आणि आदल्या संध्याकाळी बाबनराव वाटी घेऊन गाडीपाशी बसलेले शेजाऱ्यांनी पाहिलेच होते:

"चार चाकाचा नंदी, त्याले नाही शेपूट,
बाबनभाऊनं चोपडलं ब्रेकाले तूप,
जावई म्हणे थांब, नंदी म्हणे काहून?
तोरणाच्या पल्याड येतो जरा जाऊन!
हर बोला, हर हर महादेव!"

मी खाली उतरून चाकात पाहिलं. ज्या डिस्कसाठी मी नवऱ्याचा ड्रायव्हर झालो, त्या दोन्ही डिस्क तूप-हळदीने पिवळ्याधमक झाल्या होत्या. जाळीतून बोटं घालून घालून, एक इंच न सोडता चोळलेल्या. इतकं मनापासून काम आमच्या विभागात मी पाहिलं नाही.

"बाबनराव!" मी ओरडलो.

"तुमीच त म्हणले, खांदा हाय म्हणून," बाबनराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जोडी इकली तवापासून हाताले सवय राह्यली ना जी."

मी रुमाल त्यांच्यापुढे धरला. तेवढ्यात पाटील बोलले. ते पुढे आले, चेहरा लाल. "मान आमच्या बैलाचा. तोरण तोडलं मोटरीनं. आता काय कराचं?"

गाव गोळा झालं. मला वाटलं, आता ब्रेकची चर्चा होईल. चर्चा भलतीचकडे गेली. बाबनरावांनी डोळे पुसले आणि पाटलांना विचारलं, "खांद मळल्यावर, आवतन देल्यावर, पोळ्याच्या दिवशी बैलाले कोणी जू लावते का?"

"नाही लावत."

"मी याले आवतन देलं होतं. सणाच्या दिवशी याले कामाले जुंपलं. मंग तो थांबल कायले?"

सगळ्या मैदानाने मान हलवली. मुद्दा बिनतोड होता. चूक ब्रेकची नाही, चालकाचीही नाही, चूक सणाच्या दिवशी राबवून घेतल्याची. माझा तक्ता, ती कोटेशनं, ते ओटीपी, सगळं एका वाक्यात निकाली निघालं. पाटलांचा राग उतरला. नवं तोरण बांधलं, मानाच्या बैलाने ते रीतसर तोडलं आणि ढोल पुन्हा सुरू झाला. मग पाटलीणबाईंनी सुभद्राच्या हातात आरतीचं ताट दिलं, कारण ओवाळायचा मान मालकिणीचा. ती गाडीला ओवाळत असताना पाटील माझ्याकडे वळले. पोळ्याला बैल राखणाऱ्या गड्याला बोजारा, म्हणजे बक्षिसी, देतात. त्यांनी माझ्या खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला आणि पाठ थोपटली. म्हणजे प्रीतीच्या काउंटरवर झालेली माझी नेमणूक इथे समारंभपूर्वक कायम झाली.

संध्याकाळी अपेक्षाचा व्हिडिओ कॉल आला. कोणीतरी सगळं मोबाईलवर टिपलं होतं आणि ते बंगळुरूला आमच्याआधी पोचलं होतं.

"आई, ही गडबड नाही तर काय आहे?"

मी नारळ मांडीवर घेऊन बसलो होतो. सुभद्राने उत्तर द्यायला वेळ लावला. पंचाने तसा लावायचा असतो.

"ब्रेकाले तूप तुह्या मामानं लावलं," ती म्हणाली. "गिअर तुह्या बाबानं टाकला. हातब्रेक त्याईनंच वढला. म्हणून मावशी इथं बसून पुरणपोळी खाऊन राह्यली. गडबड कायची?"

"पण बाबा घाबरले असतील ना?"

"मी पाह्यलं ना वं!" मावशी पोळीमागून ओरडल्या. "डोये म्या मिटले होते. त्यानं नाही मिटले."

या वाक्यासाठी मी आणखी दोन जोड डिस्क बदलायला तयार होतो. तशीही एक जोडी पॅड बदलावीच लागली. तूप प्यायलेले पॅड पुन्हा शुद्धीवर येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पेट्रोलने डिस्क पुसपुसून, शालिकरामजींच्या पद्धतीने, गिअरवर नागपूरला आलो. शहरात मारबतीच्या मिरवणुकीने रस्ते बंद होते, आणि तिथे अर्धा तास उभं राहताना ब्रेकची गरजच पडली नाही. चंद्रभानने चाक उघडलं, वास घेतला, आणि पहिल्यांदाच खर्रा तोंडात असताना स्पष्ट शब्द उच्चारला: "गावरानी?"

शालिकरामजींना मी घाटाचा किस्सा दोनदा सांगायला लावला. आता ते वाक्यं पूर्ण करतात. टायरांचा नवा तक्ताही मी आखायला घेतलाय. या खेपेला 'पर्याय अ' त्यांचा आहे, फक्त निवडणार नाही.

किल्ली मला परत मिळाली. पण विकलेल्या जोडीच्या गळ्यातलं एक पितळी घुंगरू बाबनरावांनी बहिणीला आठवण म्हणून दिलं होतं, ते सुभद्राने किल्लीला बांधलं. बैल कुठे भटकतो ते कळावं म्हणून बांधतात तसं. आता खुंटीवरून किल्ली उचलली की घरभर ऐकू जातं आणि स्वयंपाकघरातून विचारणा होते, "कुठं निघाले?"

काल दुपारी ती जरा लवंडली होती. नवे पॅड रवायचे होते, बकऱ्या रस्त्यावर होत्या. मी घुंगरू मुठीत घट्ट आवळलं, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरलो.